बायकोनं नेलेले माझे ग्रीक

माझ्या बायकोचं व्याख्यान असलं की मी सभागृहात शेवटच्या रांगेत बसतो. आजूबाजूच्या लोकांना वाटतं, काय गुणी नवरा आहे, बायकोचं कौतुक ऐकायला एवढ्या लांब आलाय. गाडी मी चालवत आणलेली असते आणि तिची पर्स माझ्या मांडीवर असते. ती प्राचीन ग्रीकांबद्दल बोलत असते. ते ग्रीक माझे आहेत.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. मला तिचा हेवा वाटतो. अभिमान वगैरेही वाटत असेल, पण तो नंतर, घरी गेल्यावर, जेवण झाल्यावर.

आम्ही दोघंही साताऱ्यात एकाच कॉलेजात शिकवतो. मी इतिहास, ती मानसशास्त्र. माझा जीव पहिल्यापासून ग्रीस आणि रोममध्ये अडकलेला. पूर्वी आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला तो पेपर होता. सकाळी मैदानावर सैन्यभरतीसाठी पळून आलेली मुलं घामेजलेल्या बनियनवर शर्ट चढवून माझ्यासमोर बसायची आणि मी त्यांना अथेन्सची सभा कशी भरायची ते सांगायचो. पोरं ऐकत होती की नुसती बघत होती, याची मी कधी चौकशी केली नाही. मग अभ्यासक्रम बदलला, पेपर गेला, आणि माझ्या वाट्याला जमीन महसुलाच्या पद्धती आल्या. त्या शिकवताना माझं मलाच ऐकू येत नाही.

त्यानंतर ग्रीक उरले ते संध्याकाळच्या चहापुरते. मी बोलायचो आणि बायको मेथी निवडत ऐकायची. ती फार चांगली ऐकते. तिच्या विषयात ऐकून घेणं हीच अर्धी विद्या आहे. एकदा मी तिला सांगत होतो की ग्रीक कुंभार आपल्या भट्टीवर एक भेसूर तोंड टांगून ठेवायचे, आपण नव्या बांधकामावर काळी बाहुली टांगतो ना, तसं. कुणाची नजर लागून भांडी तडकू नयेत म्हणून.

"कुणाची नजर?" तिनं विचारलं.

"शेजारच्या कुंभाराची."

"शेजारच्याच का? राजाची का नाही? लांबच्या एखाद्या शहरातल्या मोठ्या कुंभाराची का नाही?"

 इतकी वर्षं मी ती भट्टी शिकवली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिला तो मेथी निवडताना पडला. मग ती म्हणाली की मानसशास्त्रात याच्यावर पुष्कळ काम झालंय. माणूस स्वतःला मोजतो ते आपल्याच बरोबरीच्या, आपल्याच धंद्यातल्या, जवळच्या माणसाशी. लांबच्या श्रीमंताचं कौतुक वाटतं आणि जवळच्याचं खुपतं. "तुमच्या ग्रीकांनाही तेच होत होतं म्हणजे," असं म्हणून ती उठली आणि भाजी धुवायला गेली. तिच्या डोक्यात काहीतरी पेटलंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर ती मला रोज विचारायला लागली. रोमचे श्रीमंत लोक पदरचा पैसा घालून गावासाठी स्नानगृहं आणि नाट्यगृहं का बांधायचे? दगडावर स्वतःचं नाव एवढं ठळक का कोरून ठेवायचे? गरीब माणसं पहाटे उठून बड्या माणसाच्या दारात नमस्कार घालायला का जायची? मी आपला भाबडेपणानं सगळं सांगत गेलो. पुस्तकं काढून दिली, नकाशे दाखवले. इतक्या वर्षांनी कुणीतरी मनापासून ऐकतंय, याचाच मला आनंद झाला होता.

वादही व्हायचे. माझं म्हणणं असं की आजच्या प्रयोगशाळेत आजच्या पोरांवर काढलेले निष्कर्ष अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या माथी मारता येत नाहीत. त्यांचा देव वेगळा, लाज वेगळी, गुलाम घरात राबणारे. 'मन' म्हणून आपण जे समजतो ते त्यांच्याकडे तसंच्या तसं होतं, हे कशावरून?

"मेलेल्या माणसाला तू प्रश्नावली देणार आहेस का?" मी विचारलं.

"नाही. पण मेलेल्यांनी जे करून ठेवलंय ते तर समोर आहे. भट्टीवरचं तोंड आहे, दगडावरचं नाव आहे. मी फक्त एवढंच विचारते, की असं माणूस कधी करतो?"

"हा घाईचा निष्कर्ष झाला."

तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "अहो, हा आक्षेप आहे की राग आहे?"

मी म्हणालो, आक्षेप. आक्षेप खराच होता आणि आजही तो मी मागं घेतलेला नाही. पण त्याच्या आत रागही होता, आणि तो तिला दिसला, याचा मला आणखी राग आला.

पहिलं व्याख्यान साताऱ्यातच एका महिला मंडळात झालं. विषय होता ग्रीक-रोमन समाज आणि आपलं मन. मी मागं खुर्ची धरून बसलो. सुरुवातीला ती म्हणाली, "माझे मिस्टर इतिहासाचे आहेत, त्यांच्याकडून काही गोष्टी कानावर पडल्या." एवढंच. मग पुढचा सगळा वेळ माझ्या कुंभारानं, माझ्या स्नानगृहानं आणि माझ्या पहाटेच्या नमस्कारानं त्या बायकांना खिळवून ठेवलं. रोमचा नमस्कार सांगताना ती म्हणाली, आपल्याकडे सकाळी पुढाऱ्याच्या बंगल्यासमोर चपलांचा ढीग असतो तो आठवा, आणि बायका खळखळून हसल्या. मी हे वर्गात सांगायचो तेव्हा एकही चप्पल कुणाला आठवली नव्हती. कानावर पडल्या, हे शब्द मात्र माझ्या डोक्यातून आठवडाभर गेले नाहीत. जणू मी वाटेनं चाललो होतो आणि माझ्या खिशातनं ग्रीक गळून पडले होते.

मग बोलावणी यायला लागली. वाई झालं, कराड झालं. सांगलीच्या व्याख्यानमालेत तर माणसं दाराबाहेर उभी होती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात ती माइकसमोर, आणि कडेला एक कोपर आहे, ते माझं, मी तिला पाणी द्यायला पुढं गेलो होतो तेव्हाचं. आता 'कानावर पडल्या' हेही वाक्य गळालं होतं. तिनं मुद्दाम गाळलं असं मी म्हणणार नाही. बोलण्याच्या ओघात माणूस आधीचं विसरतो. पण मी विसरलो नव्हतो. साताऱ्याच्या स्टँडवर रिक्षावाल्याला पत्ता सांगायला लागलो की तो म्हणायचा, "मॅडमचं घर ना? मग तसं सांगा की."

मला फार काही नको होतं. एकदा, भरल्या सभेत, तिनं म्हणावं की हे ग्रीक माझ्या नवऱ्याचे आहेत, एवढंच हवं होतं. पण मागून घेतलेल्या कौतुकाला चव नसते, म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. ती व्याख्यानाची तयारी करायला बसली की मी उगाच भांड्यांचा आवाज करायचो. एकदा तिनं एका लढाईचं साल चुकीचं सांगितलं, तर परतीच्या वाटेवर थेट सातारा येईपर्यंत मी तेच धरून बसलो. ती म्हणाली, "बरं, पुढच्या वेळी बरोबर सांगते." पुढच्या वेळी तिनं खरोखरच बरोबर सांगितलं, आणि माझ्या हातातलं तेवढंही गेलं.

अशात सांगलीकडच्या कुंडल गावाहून फोन आला. तिथं एक वाचनालय आहे, सेवानिवृत्त फौजी मंडळी ते चालवतात. त्यांच्या वर्धापनदिनाला व्याख्यान हवं होतं. फोन करणारे वाचनालयाचे अध्यक्ष, एक वयस्कर सुभेदार. फोन मीच उचलला होता. ते म्हणाले, "सातारचं जोडपं हाय, ग्रीक लोकांवर लय भारी बोलतंय असं सांगलीच्या पावण्यानं सांगितलं. तुमचा दोघांचा एक फोटो पाठवा, फ्लेक्सला." मी फोन बायकोला दिला. तिनं तारीख ठरवली आणि आमच्या भाचीच्या लग्नातला दोघांचा फोटो पाठवून दिला.

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. कराड मागं टाकून पलूसच्या बाजूला वळलो. उसाच्या ट्रॉल्यांमागनं हळूहळू चाललो होतो. कुंडलच्या वेशीत शिरलो तर समोरच फ्लेक्स. लग्नातल्या फोटोतनं मला एकट्याला कापून काढलेला, चांगला मोठा केलेला, कोटासकट. खाली लिहिलेलं, 'प्रमुख व्याख्याते'. कोपऱ्यात एका गोलात माझी बायको, आणि त्या गोलाखाली 'सौ. मॅडम, विशेष उपस्थिती'.

मी गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघंही काचेतनं वर बघत राहिलो. त्या सज्जन माणसांच्या डोक्यात जोडपं बोलतं म्हणजे नवरा बोलतो, हे इतकं पक्कं बसलेलं होतं की कुणाला विचारायचीही गरज पडली नव्हती. बायकोला हसू फुटलं. ती पोट धरून हसली, डोळे पुसले, पुन्हा वर पाहिलं आणि पुन्हा हसली. मीही हसलो. पण आत मला जे झालं ते हसू नव्हतं. तो फ्लेक्स मला फार आवडला होता.

"सांगून टाकू या त्यांना," मी म्हणालो. सांगायला हवं होतं म्हणून म्हणालो.

"बघू तिथं गेल्यावर," ती म्हणाली.

वाचनालयासमोर मांडव घातला होता. पुढं खुर्च्यांवर मिशावाली निवृत्त मंडळी ताठ बसलेली, एका बाजूला सतरंजीवर बायका, मागं पोरंटोरं. सुभेदार सामोरे आले आणि बोलायची सवडच दिली नाही. "या सर, या. टायमावर आलासा. फौजी माणसांना टाइम पाळणारं माणूस लय आवडतं." मला धरून थेट स्टेजवर नेलं. तिथं एकानं माझ्या डोक्याला फेटा बांधायला घेतला. तेवढ्यात गावातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी माझ्या बायकोला पाटावर बसवून हळदीकुंकू लावलं आणि खणा-नारळानं तिची ओटी भरली. हा इथला रिवाज. पाहुण्याचा सत्कार करायचा तो सपत्नीक. पाहुणा कोण आणि पत्नी कोण, एवढीच गोष्ट उलटी झाली होती.

सुभेदारांनी माइक घेतला. "सर येवढं शिकल्यालं, पण त्यांच्या मागं मॅडम उभ्या हायत, हे आमी जाणतो. बाईमाणसाची साथ असल्याबिगर मानूस मोठा होत न्हाई. आता सरांनी दोन शब्द सांगावेत." टाळ्या पडल्या.

मी बायकोकडे पाहिलं. तिला पहिल्या रांगेत मानाची खुर्ची दिली होती. मांडीवर नारळ, पदरात तांदूळ. मी डोळ्यांनी विचारलं, काय करू? तिनं सुभेदारांकडे नजर टाकली. ते हात जोडून, प्रसन्न चेहऱ्यानं उभे होते. अख्ख्या गावासमोर त्या म्हाताऱ्या माणसाला तोंडघशी पाडणं तिच्या जिवावर आलं असणार. तिनं हातानं खूण केली, बोला तुम्हीच.

मी बोलायला उभा राहिलो. मला कुणीही ढकललं नव्हतं. एक वाक्य बोललो असतो तर सगळं सरळ झालं असतं, आणि सुभेदारांनी ते हसून घेतलंही असतं. पण ते वाक्य माझ्या तोंडी आलं नाही, आणि मी ते शोधलंही नाही. इतक्या दिवसांनी माझे ग्रीक मला परत मिळत होते.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. अथेन्सची भूमी, नगरराज्यांची घडण, इतिहासाच्या साधनांची विश्वासार्हता. थोड्याच वेळात मागची पोरं उठून गेली. सतरंजीवरच्या बायका आपापसात बोलायला लागल्या. समोरचा एक निवृत्त हवालदार ताठ बसल्याबसल्या झोपला, तसं झोपणं फौजी माणसाला सवयीनं येत असावं.  आणि मग माझ्या नकळत माझ्या तोंडून कुंभाराची भट्टी निघाली, ती तिच्या चालीत. "भट्टीवर तोंड कुणासाठी टांगलं? राजासाठी? न्हाई. शेजारच्यासाठी." बायकांनी माना वर केल्या. मी पुढं गेलो. पहाटेचा नमस्कार, बंगल्यासमोरच्या चपला, दगडावरची नावं. "वेशीतला माझा फ्लेक्स बघितलात ना? रोमन लोक तोच दगडावर कोरायचे." मांडव हसला. हवालदार जागा झाला. ती जिथं थांबते तिथं मी थांबत होतो, ती जिथं आवाज खाली आणते तिथं आणत होतो. मागं बसून बसून ते सगळं माझ्यात मुरलं होतं. टाळ्या पडत होत्या आणि मला त्या गोड लागत होत्या. तिच्याकडे मी पाहत नव्हतो.

शेवट तिच्या व्याख्यानाचा जो असतो तोच मी घेतला. अथेन्समध्ये एक चाल होती. लोकांनी ठरवलं तर ते एका दिवशी चौकात जमायचे, फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव खरवडायचे, आणि ज्याचं नाव सगळ्यांत जास्त तुकड्यांवर निघेल त्याला दहा वर्षं शहराबाहेर जावं लागायचं. गुन्हा सिद्ध व्हायला नको, कारण द्यायला नको. त्याची जमीन, घर त्याचंच राहायचं. तो फक्त डोळ्यांसमोर नको. एवढं सांगून झालं की बायको लोकांना म्हणते, डोळे मिटा, तुमच्या हातात एक तुकडा आहे असं समजा, आणि मनातल्या मनात एक नाव लिहा. मग ती विचारते, देशाच्या मोठ्या पुढाऱ्याचं नाव कुणी लिहिलं? एखाददुसरा हात वर होतो. भावकीतलं, गल्लीतलं, ऑफिसातलं कुणी लिहिलं? हशा पिकतो, हात वर होतात. आणि सगळ्यांत शेवटी ती विचारते, घरातल्याच माणसाचं नाव कुणाच्या मनात आलं?

तिच्या प्रत्येक व्याख्यानात त्या वेळी माझ्या मनात एकच नाव असतं. साताऱ्यात होतं, कराडात होतं, सांगलीत होतं. हात मी कधी वर केला नाही. मी मागं बसलेलो असतो, कुणाला दिसलंही नसतं, तरी नाही.

कुंडलच्या मांडवात लोकांनी डोळे मिटले. मी ओळीनं प्रश्न विचारत गेलो. पुढाऱ्याला एक हात. भावकीला म्हणाल तर निम्मा मांडव, आणि असा हशा झाला की स्टेजवर माझ्या शेजारी बसलेल्या सुभेदारांनी खुर्चीवर थाप मारली. "आता शेवटचं," मी म्हणालो, "घरातल्याच माणसाचं नाव कुणाच्या मनात आलं?"

सतरंजीवर दोन बायकांनी हात वर केले आणि तोंडाला पदर लावला. एका म्हाताऱ्या फौजीनं केला, त्याच्या शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. आणि पहिल्या रांगेत माझ्या बायकोनं हात वर केला.

वर्गातली मुलं गुरुजींना दिसावा म्हणून करतात, तसा सरळ. ती माझ्याकडे बघत होती आणि हसत नव्हती. लोकांना वाटलं, मॅडमनी सरांची फिरकी घेतली. मांडवभर हशा आणि टाळ्या. "मॅडम लय मोकळ्या मनाच्या हायत," सुभेदार शेजाऱ्याला म्हणाले ते माझ्या माइकमधनं सगळ्यांना ऐकू गेलं. तिचा हात वरच होता.

ते नाव तिच्या मनात आज आलं, की पूर्वीपासून होतं, मला माहीत नाही. आमचं लग्न झालं तेव्हा मी कायम नोकरीत होतो आणि ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. तेव्हा कॉलेजातले शिपाईसुद्धा तिला 'सरांच्या मिसेस' म्हणायचे. ती त्यावर कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. मी कधी विचारल्याचंही आठवत नाही.

दहा वर्षं डोळ्यांसमोर नको असलेला माणूस म्हणून तिच्या मनात माझं नाव आलं, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं, पण नंतर, गाडीत. त्या क्षणी, डोक्याला फेटा, पुढ्यात माइक आणि कानात टाळ्या असताना मला फक्त एवढंच दिसत होतं, की इतक्या व्याख्यानांत मागं लपून मला जे जमलं नाही ते तिनं पहिल्या रांगेत बसून, सगळ्यांच्या देखत, माझ्या डोळ्यांत बघून केलं होतं. मला तिच्या त्या हाताचाही हेवा वाटला.